पहाटेचा पांढरा धूर

प्रश्न : पाषाणला माझं पोळी-भाजी केंद्र आहे. आठवड्यातून चार दिवस पहाटे पाचच्या आत गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोचावं लागतं, नाहीतर चांगली मेथी हातची जाते. गाडी २०१४ ची डिझेल हॅचबॅक, १ लाख ३१ हजार किलोमीटर झालेत. पावसाळाभर एका सेल्फला सुरू व्हायची. डिसेंबर लागला आणि हिचे नखरे सुरू झाले. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. चौथ्या-पाचव्या सेल्फला एकदाची सुरू होते, गदागदा हलते आणि मागून इतका पांढरा धूर येतो की डोळे झोंबतात. वरच्या मजल्यावरचे काका गॅलरीत येऊन उभे राहतात. एखाद मिनिटाने शांत होते, मग दिवसभर काही तक्रार नाही. दुपारी डबे द्यायला निघाले की अर्ध्या सेल्फला सुरू! बॅटरी ऑक्टोबरमध्येच नवीन टाकली आहे. एका गॅरेजमध्ये सांगितलं, चारही इंजेक्टर गेले, ४६ हजार लागतील. काका म्हणतात, थंडीने डिझेल गोठतं, लिटरभर रॉकेल ओता. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, पाषाण

उत्तर : ताई, तूर्तास दोघांचंही ऐकू नका, आणि रॉकेल तर अजिबात ओतू नका. वारज्यात गॅरेज टाकून मला एकतीस वर्षं झाली. येणारी बहुतेक मंडळी ‘सकाळी सुरू होत नाही’ एवढंच सांगतात आणि किल्ली हातात देतात. तुम्ही सेल्फचा आवाज, धुराचा रंग, डोळे झोंबणं, दुपारचं वागणं, सगळं लिहिलंत. निम्मं निदान पत्रातच झालंय.

पेट्रोलच्या गाडीत स्पार्क प्लगची ठिणगी पडते. डिझेलमध्ये ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, तुमच्या गाडीसारख्या इंजिनात साधारण सोळा-अठरा पट, आणि दाबलेली हवा इतकी तापते की तिच्यात इंजेक्टरमधून डिझेलचा फवारा पडला की ते आपोआप पेटतं. सायकलला पंपाने हवा भरताना पंपाचं बूड गरम लागतं ना, तोच प्रकार. आता रात्रभर उघड्यावर उभी असलेली गाडी घ्या. त्यात पाषाण, तळ्याकाठचा गारठा पेठांपेक्षा दोन अंश जास्तच. ब्लॉक, हेड (इंजिनचं वरचं झाकण), पिस्टन सगळं गारठलेलं. हवा दाबून जी ऊब तयार होते ती हे लोखंड-ॲल्युमिनियम शोषून घेतं आणि डिझेल न पेटताच मागून निघून जातं. तोच तुमचा पांढरा धूर. अर्धवट जळलेलं डिझेल काळं दिसतं. न जळलेलं डिझेल वाफ होऊन बाहेर पडतं, पांढरं दिसतं आणि डोळ्यांना झोंबतं. (कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, इंजिनात जात असेल तरी धूर पांढराच असतो, पण तो झोंबत नाही, वास गोडसर असतो आणि बाटलीतलं कूलंट कमी होत जातं. एकदा बाटली बघून घ्या. म्हणजे तो संशय मिटेल.)

एवढ्यासाठीच प्रत्येक सिलेंडरला एक हीटर प्लग दिलेला असतो. पेन्सिलीएवढा जाड, टोक आत सिलेंडरमध्ये. किल्ली ऑन केली की स्प्रिंगसारखं पिवळं चिन्ह लागतं, तेव्हा तो तापत असतो. काही सेकंदांत टोक लालभडक होतं, आठशे अंशांच्या पुढे जातं. इंजिन सुरू झाल्यावरही बऱ्याच गाड्यांत तो थोडा वेळ तापत राहतो, म्हणजे गार इंजिन मिसिंग मारत नाही. तुमची गाडी मिनिटभर गदागदा हलते आणि मग शांत होते, याचा अर्थ एकदोन सिलेंडर त्या मिनिटात पेटत नाहीत. हेड जरा तापलं की तेही कामाला लागतात.

माझा अंदाज असा की तुमचे दोन, कदाचित तीन हीटर प्लग गेलेले आहेत. आणि ते डिसेंबरात गेले असतील असं मला वाटत नाही. पुण्यात एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत पहाटेही वीस-बावीस अंश असतात. एवढ्या उबेत हीटर प्लगशिवायही इंजिन सुरू होतं. त्यामुळे एखादा प्लग गेल्या उन्हाळ्यात जातो, दुसरा गणपतीत, आणि मालकाला पत्ता नसतो. मग पारा दहाच्या खाली आला की थंडी हजेरी घेते. दरवर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या दारात अशाच गाड्यांची रांग असते, आणि सगळे म्हणतात, ‘कालपर्यंत चांगली होती हो!’

पिवळी लाइट लागून विझते म्हणजे प्लग चांगले, असं समजू नका. बऱ्याच गाड्यांत ती लाइट फक्त वेळ मोजते. चारही प्लग मेलेले असले तरी ती बिचारी इमानेइतबारे लागते आणि विझते.

आता घरच्या घरी काय करायचं ते सांगतो. उद्या पहाटे सेल्फ मारण्याआधी किल्ली ऑन करा, पिवळी लाइट विझू द्या, किल्ली बंद करा, पुन्हा ऑन. असं तीनदा, मग सेल्फ. नेहमीपेक्षा लवकर सुरू झाली तर जे प्लग जिवंत आहेत त्यांनी जास्त वेळ तापून मेलेल्यांचं काम केलं, असं समजायचं. हा इलाज नव्हे हं, पण प्लग बदलेपर्यंत तुमची मेथी वाचेल. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. नवीन बॅटरी मारायला वेळ लागत नाही.

पुढचं काम मेकॅनिकचं, पण समोर उभं राहून बघा. मल्टीमीटर ओहमवर लावायचा, आधी दोन्ही पिना एकमेकींना टेकवून मीटरचा स्वतःचा आकडा बघायचा आणि तो वजा करायचा. मग प्लगवरची वायर काढून एक पिन प्लगच्या टोकाला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला. चांगला प्लग गार असताना साधारण अर्धा ते दोन ओहम दाखवतो. मेलेला काहीच दाखवत नाही, मीटर एका बाजूला जाऊन बसतो. चारही चांगले निघाले तर त्यांना करंट पोचतो का ते बघायचं. प्लगच्या वायरला रिले (करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि मोठा फ्यूज असतो, तिथेच गंमत असू शकते. जुन्या मेकॅनिकना प्लग काढून थेट बॅटरीला टेकवून लाल होतो का बघायची सवय असते. मीही तेच करायचो. आता काही गाड्यांत चार-पाच व्होल्टचे प्लग येतात. ते बारा व्होल्टला लावले की चांगला प्लगही डोळ्यांसमोर जळतो. प्लगच्या अंगावर व्होल्ट कोरलेले असतात, ते वाचूनच हात घालायचा.

प्लग काढणं हे या सगळ्यात जोखमीचं काम, आणि ते मी स्वतःच्या खिशातून शिकलोय. २००९ चा जानेवारी. देहूरोडचा एक टॅक्सीवाला सकाळी सातला दारात. त्याला दहा वाजता विमानतळावर पोचायचं होतं. इंजिन थंडगार. मी लांब बॉक्स पाना लावला, अर्धा आटा फिरला, अडकला, मी जोर केला. आणि पाना एकदम हलका झाला. शेवग्याची शेंग मोडावी तसा. प्लगचं डोकं माझ्या हातात आणि टोक हेडमध्ये. हेड उतरवलं, मशीन शॉपला नेलं, तीन दिवस गेले. त्या माणसाकडून मी एक रुपया घेतला नाही आणि त्याचं विमानतळाचं भाडंही बुडालं.

तेव्हापासून गाडी आदल्या संध्याकाळी सोडायला सांगतो. प्लगच्या बुडाशी गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवतो. सकाळी गाडी सुरू करून इंजिन चांगलं तापवतो, आणि गरम असतानाच हाताने, अर्धा आटा उलटा, पाव आटा सुलटा, असा प्लग बाहेर काढतो. अडकला की थांबायचं आणि पुन्हा तेल मारायचं. तुमचा मेकॅनिक गार इंजिनला इम्पॅक्ट गन घेऊन आला तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

काढलेले प्लग फेकू देऊ नका. जुन्या वर्तमानपत्रावर एक, दोन, तीन, चार अशा क्रमाने मांडा. चारही टोकं सारखी काजळलेली, सरळ असतील तर प्लग वयाने गेले. एखाद्याचं टोक फुगलेलं किंवा वितळलेलं दिसलं तर त्या सिलेंडरचा इंजेक्टर फवारा मारायच्या ऐवजी धार सोडत असण्याची शक्यता असते. मग तो एक इंजेक्टर काढून तपासायला द्यायचा. एक, चार नव्हे. नवीन प्लग चारही एकदम टाका. नाना पेठेत तुमच्या गाडीचा चांगल्या कंपनीचा प्लग साधारण पाचशे ते हजार रुपयांत मिळेल. पुडक्यावरचा नंबर जुन्याशी जुळवा. फिट करताना आटे साफ, आणि जोर मनगटाचा. खांद्याचा नको.

आता त्या ४६ हजारांबद्दल. झिजलेला इंजेक्टर डिझेल परतीच्या नळीने जास्त सोडतो, त्यामुळे सेल्फ मारताना रेलमध्ये, म्हणजे चारही इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, प्रेशर बनत नाही. खरंय. पण डिझेल गरम झालं की पातळ होतं आणि झिजलेल्या जागेतून आणखी जास्त गळतं. म्हणजे अशी गाडी गरम असताना, दुपारी, सिग्नलला बंद करून पुन्हा सुरू करताना जास्त छळते. तुमची दुपारी अर्ध्या सेल्फला सुरू होते. शिवाय प्रेशर बनलं नाही तर इंजेक्टर उघडतच नाही, डिझेल आत जात नाही आणि सेल्फ मारताना धूरही येत नाही. तुमच्याकडे तर धुराचा लोट. एवढं असूनही कोणी इंजेक्टरच म्हणालं तर त्याला सांगा, ‘चार बाटल्या लावून दाखवा.’ चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या (आमच्याकडे सलाइनच्या नळ्या त्यासाठीच धुऊन ठेवलेल्या असतात) आणि इंजिन दोन-तीन मिनिटं चालू ठेवायचं. जी बाटली बाकीच्यांपेक्षा भराभर भरते तो इंजेक्टर आजारी. पंधरा मिनिटांचं काम आहे. हे न करता चारही गेले म्हणणारा माणूस ज्योतिषी असला पाहिजे.

प्लग नवे टाकूनही फरक पडला नाही तर दोन ठिकाणी बघा. पहिलं, इंजिनचं तापमान सांगणारा सेन्सर. गाडीच्या कॉम्प्युटरला इंजिन गार आहे हे तोच सांगतो. तो खोटं बोलला तर कॉम्प्युटर प्लग तापवतच नाही आणि डिझेलही कमी सोडतो. स्कॅनर लावायचा तो पहाटे, रात्रभर गाडी उभी राहिल्यावर, सेल्फ मारायच्या आधी. कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान दोन्ही बाहेरच्या गारठ्याजवळ हवेत. हवा ११ अंश आणि कूलंट ४८ अंश असं दिसलं की चोर सापडला. मेकॅनिक दुपारी चारला स्कॅनर लावून ‘काही एरर नाही’ म्हणतात, त्याला काही अर्थ नाही. गाडी आजारी असते तेव्हा डॉक्टर झोपलेला असतो.

दुसरं, डिझेलच्या लाइनला एअर धरणं. फिल्टरचं झाकण, कडक झालेला रबरी पाइप, सैल क्लिप यांतून रात्री हवा शिरते आणि डिझेल टाकीकडे परत उतरतं. हे बघायला खर्च नाही. एक रात्र गाडी उतारावर, तोंड खाली करून उभी करा. तुमच्याकडे सूस रोडच्या बाजूला उतारांना तोटा नाही. सकाळी लगेच सुरू झाली आणि तोंड चढाला केल्यावर पुन्हा रडली, तर एअर. मात्र त्यात सुरुवातीला धूर नसतो, म्हणून तुमच्या बाबतीत मी हे शेवटी ठेवलंय.

काकांना सांगा, पुण्यात डिझेल गोठत नाही. डिझेलमध्ये मेण असतं आणि गारठ्यात ते दाटतं, एवढं त्यांचं बरोबर. म्हणूनच डिझेलच्या भारतीय मानकात, आयएस १४६० मध्ये, हिवाळ्याचं डिझेल ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून गेलं पाहिजे अशी अट आहे. उन्हाळ्याच्या डिझेलला ती १८ अंश आहे. पाषाणात पारा आठ-नऊवर येतो, त्यात पंपावरचं ताजं डिझेल आरामात वाहतं. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये खास हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं. ती गरज तिथली. रॉकेल ओतलं तर कॉमन रेलच्या पंपाला वंगण मिळत नाही, कारण त्या पंपाचं वंगण म्हणजे डिझेलच. पंप खरवडला की त्याचा चुरा इंजेक्टरपर्यंत जातो आणि मग तुमचे ते ४६ हजार खरोखर लागतात. डिझेलमध्ये रॉकेलची भेसळ हा गुन्हाही आहे. एअर फिल्टरमध्ये मारायचा तो स्टार्टिंग स्प्रेसुद्धा नको. तापलेल्या हीटर प्लगवर तो कुठेही भडकू शकतो.

काकांचा राग मात्र करू नका. आमच्या गावी विहिरीवर किर्लोस्करचं इंजिन होतं. डिसेंबरच्या पहाटे वडील चुलीवरचं पाणी कोमट करून इंजिनच्या जॅकेटमध्ये ओतायचे, डिकॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलेंडरमधला दाब सोडणारा, खटका उचलून हँडल गरगरा फिरवायचे आणि वेग आला की खटका सोडायचे. धक, धक, धक. औंधच्या आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा कोर्स करताना मास्तर जे शिकवत होते, ते वडिलांना कळशीतूनच माहीत होतं. ऊब द्या आणि जोरात फिरवा. तुमचा सेल्फ जोरात फिरतोय. ऊब तेवढी राहिलीये.

प्रश्न : तळेगावला राहतो. २०१२ ची डिझेल एसयूव्ही. सकाळी सेल्फ ‘खर्रर... खर्रर’ असा रडत फिरतो, कधी नुसतं टिकटिक. बॅटरी दोन वर्षांची. हीटर प्लग बदलू का?
— एक वाचक, तळेगाव दाभाडे

उत्तर : नको. वरच्या ताईंचा सेल्फ जोरात फिरतो, तुमचा रडतो. दोन वेगळे आजार. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला १२.६ व्होल्ट हवेत. १२.२ दिसले तर ती निम्मी रिकामी आहे. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटर बघा. साडेनऊच्या खाली कोसळली तर बॅटरी किंवा सेल्फ मोटर. साडेनऊच्या वर टिकूनही रडत असेल तर मीटरची एक पिन बॅटरीच्या उणे टोकाला आणि दुसरी इंजिनच्या ब्लॉकला लावून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर अर्थिंगची पट्टी (बॅटरीचं उणे टोक गाडीच्या धातूला जोडणारी) खराब. माझ्याकडे गेल्या महिन्यात अशाच एका गाडीला दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या. पट्टीच्या बोल्टखाली हिरवा गंज होता, पॉलिश पेपरने घासला, दहा मिनिटं.

आणि मागच्या सर्व्हिसला ऑइल कोणतं टाकलं ते बिलावर बघा. पुस्तकात ऑइलच्या घट्टपणाचा नंबर पाच-तीस किंवा पाच-चाळीस लिहिलेला असताना कोणी स्वस्तातलं वीस-पन्नास ओतलं असेल तर थंडीत ते काकवीसारखं घट्ट होतं आणि सेल्फला इंजिन ओढायला जड जातं.

प्रश्न : सकाळी सुरू झाल्यावर डिझेल गाडी पाच मिनिटं उभ्या-उभ्या गरम करावी का? मुलगा म्हणतो डिझेल वाया जातं.
— एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर : मुलगा बरोबर. अर्धा मिनिट पुरे, ऑइल टर्बोपर्यंत पोचायला. मग निघा, पण पहिले दोन-तीन किलोमीटर ॲक्सिलरेटरवर पाय हलका ठेवा. उभ्या गाडीचं डिझेल इंजिन तापायला फार वेळ घेतं, चालत्या गाडीचं लवकर तापतं. गाडी एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ असेल तर उभं राहून धूर काढणं आणखी वाईट. सायलेन्सरमधला काजळी धरणारा फिल्टर भरत जातो. आठवड्यातून एकदा तिला कात्रज ओलांडून खेड शिवापूरपर्यंत नेऊन आणा, एकाच वेगाने, न थांबता.